काथ्या आणि पॉलिस्टर रेझिन एकमेकांना धरतच नाहीत, काय करू?

डिचोलकर
माझं फायबरग्लासचं छोटं काम आहे, टाक्यांची झाकणं, बोर्ड, होड्यांची डागडुजी वगैरे. घरच्या बागायतीत नारळाच्या सोडणांचा ढीग पडतो म्हणून म्हटलं ग्लास मॅटच्या (काचेच्या धाग्यांची चटई) जागी काथ्या घालून खुर्च्यांच्या सीटा करून बघू. रेझिन साधं जीपी (जनरल पर्पज), ते सेट व्हायला घालतात ते कोबाल्ट नि हार्डनर नेहमीचंच. सेट छान झालं, दिसतंय पण मस्त, पण पट्टी कापून वाकवली तर कटकन मोडली आणि मोडलेल्या जागी धागे जसेच्या तसे बाहेर आलेले, एकदम कोरडे, रेझिनचा कण नाही. बारीक बुडबुडे पण आहेत आत. काथ्या कमजोर की रेझिन बाद? काथ्या खाजनाच्या (खाडीकाठची सखल जमीन) खाऱ्या पाण्यात कुजवलेला आहे.

फर्मागुडी_मेक
धागे तुटले नाहीत, सरकून बाहेर आले, म्हणजे काथ्याच्या ताकदीची वेळच आली नाही, पकडच नव्हती. वनस्पतीचा धागा पाणी ओढणारा, पॉलिस्टर पाण्यापासून लांब पळणारं, त्यात काथ्यावर मेणाचा थर असतो. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात (लिटरला ५० ग्रॅम) काही तास भिजव, मेण आणि हेमिसेल्युलोज (धाग्यातला पाणी ओढणारा भाग) निघून जातं. काथ्यावर टायलोसिस म्हणून बारीक गोल उंचवटे असतात तेही सुटतात आणि त्यांच्या जागी खड्डे राहतात, रेझिन त्यात शिरून अडकतं. साध्या मायक्रोस्कोपखाली आधीचा नि नंतरचा धागा शेजारी ठेवून बघ, फरक लगेच कळतो. जास्त तीव्र करायला जाऊ नको मात्र, मग धागाच खाल्ला जातो. बजेट असेल तर इपॉक्सी वापर, ते अशा धाग्यांना पॉलिस्टरपेक्षा चांगलं धरतं.

शापोरा_बोटवाला
बुडबुडे ओलीमुळे आहेत, पैज लावतो. दिसायला सुका काथ्या सुद्धा आपल्या हवेत ८-१० टक्के पाणी धरून असतो आणि तुझ्यात तर मीठ, ते आणखी ओल ओढणार. आधी गोड्या पाण्यात धू, मग कॉस्टिक, मग परत धू लिटमस बदलायचा थांबेपर्यंत, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाकलंस तर बरं, राहिलेलं कॉस्टिक पुढे पॉलिस्टर पोखरतं. नंतर १०० डिग्रीच्या आसपास ओव्हनमध्ये ठेव, मधे मधे वजन कर, वजन उतरायचं थांबलं की सुकलं. आणि ओव्हनमधून काढला की थेट लेअप (थर लावून रेझिन चढवणं), आषाढात रात्रभर बाहेर ठेवलास तर सगळी मेहनत पाण्यात!

घायपात_प्रेमी
वरचं सगळं बरोबर, पण पकड सुधारली तरी काथ्याकडून ग्लासची अपेक्षा ठेवू नकोस बाबा. ग्लासचा कडकपणा ७० जीपीएच्या (गिगापास्कल, कडकपणाचं माप) घरात, घायपात ९ ते २२, काथ्या ४ ते ६ आणि सेट झालेलं पॉलिस्टर स्वतःच ३-४. म्हणजे काथ्या रेझिनपेक्षा जेमतेम कडक, भार उचलून घेणार कुठून? काथ्यात सेल्युलोजच्या तारा स्प्रिंगसारख्या तिरक्या गुंडाळलेल्या, सुमारे ४५ अंशात, त्यात लिग्निन (लाकडातही असतो तो धागे बांधणारा पदार्थ) भरपूर, म्हणून तो ताणला की लांबतो, तुटेपर्यंत १५-३० टक्के किंवा जास्तच. पॉलिस्टरला २ टक्क्यांतच तडा जातो. तडा गेल्यावर तुकडे धरून ठेवणं हे त्याचं खरं काम, आपटण्या-धडकण्याला तो चांगला. नौदलाच्या कौंडिण्य या जुन्या पद्धतीच्या शिडाच्या जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनंच शिवल्यात ना, तिथं पण त्याचं लवणं उपयोगी पडतं. सीट वाकते तेव्हा ताण वरच्या-खालच्या कातडीवर येतो, तर दोन्ही बाजूंना ग्लासचा एकेक थर दे आणि मधे काथ्या भर. ग्लास अजिबातच नको असेल तर घायपात किंवा ताग बघ.

डिचोलकर
सगळ्यांना धन्यवाद, सँडविचवालं पटलं. कॉस्टिकला घरचं जुनं ॲल्युमिनियमचं टोप चालेल का?

फर्मागुडी_मेक
अजिबात नको रे! कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो. प्लास्टिकची बादली घे, हातमोजे-चष्मा घाल, आणि पाण्यात कॉस्टिक टाक, कॉस्टिकवर पाणी ओतू नको.

शापोरा_बोटवाला
सीट कापल्यावर कडांना रेझिनचा हात मारायला विसरू नको, उघड्या कडेतल्या धाग्याच्या टोकातूनच पाणी आत जातं.