जुन्नर, शिवनेरी, नाणेघाट: एका मुक्कामाची सहल कशी बसवावी?

जुन्नरला एक रात्र, सोबत वाटाड्या, तीस-चाळीस माणसं. अशा सहली नेणाऱ्यांनी लिहा. ‘निसर्गरम्य परिसर’ नको. वेळा, वाटा आणि कुठे फसतं ते हवं.

*

क्रम चुकतो तिथे सगळं चुकतं. पुण्याहून जुन्नर साधारण ९५ किलोमीटर. बरेच जण पोचल्या पोचल्या, भर अकराला, शिवनेरी चढवतात आणि नाणेघाटाला अंधारात पोचतात. उलट करा. सकाळी सहाला निघा, नारायणगावला नाश्ता, तिथून थेट घाटघरमार्गे नाणेघाट. परत जुन्नरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सातला शिवनेरी, उतरल्यावर लेण्याद्री. गडावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे ‘गडावर शेकोटी’ असं कुणी जाहिरातीत लिहिलं असेल तर ती सहल टाळाच.

*

नाणेघाटाच्या गुहेत गट दहा-दहाचा सोडा. चाळीस माणसं एकदम आत गेली की भिंत दिसत नाही, पाठीच दिसतात. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख बाजूच्या भिंतींवर आहे. विजेरी समोरून मारली तर अक्षरं सपाट होऊन दगडात मिसळून जातात. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा, मग खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि अक्षरं उठून येतात. आकडे शोधायला सांगा: एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा, शून्य नाहीच. मुलं यातच अर्धा तास रमतात. मागच्या भिंतीवरचे सातवाहनांचे पुतळे गेलेत, पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं शोधायची. पाणी शिंपडून किंवा खडू लावून अक्षरं ‘ठळक’ करू देऊ नका. आणि गुहेत चूल पेटवणाऱ्यांबद्दल काय बोलावं! काजळी बसली की लेख गेला.

घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. तो दाखवताना कल्याण–जुन्नर व्यापारी वाट समजावली नाही तर लोक फोटो काढून पुढे जातात.

*

वरच्या प्रतिसादाला जोड: पावसाळ्यात नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याजवळ वारा खालून वर येतो, धबधब्याचं पाणी उलटं उडतं. छत्री तिथे निरुपयोगी, उलट धोक्याची, रेनकोटच. धुकं आलं की कडा कुठे संपतो ते कळत नाही. एक माणूस पुढे, एक शेपटाला, दोघांकडे शिट्टी. शेपटाच्या माणसाने कुणालाही ओलांडायचं नाही.

शेजारचा जीवधन किल्ला याच सहलीत कोंबू नका. इंग्रजांनी १८१८ मध्ये पायऱ्या उद्ध्वस्त केल्यामुळे कल्याण दरवाजाच्या वाटेवर दोर लागतो. तो वेगळा दिवस.

*

शिवनेरी सात दरवाजांच्या वाटेने मिश्र गटाला वर पोचायला तास-सव्वा तास. पाचव्या, म्हणजे शिपाई दरवाजानंतर उजवीकडे वळलं की शिवाईदेवीचं मंदिर. हा फाटा बहुतेकांचा चुकतो, कारण पुढचे सरळ जात राहतात. तिथे एक माणूस उभा करा. वर अंबरखाना (धान्याचं कोठार), गंगा-जमुना टाकी, जन्मस्थानाची इमारत, बदामी तलाव, शेवटी कडेलोट टोक, या क्रमाने फिरलं की मागे यावं लागत नाही. पाणी माणशी दोन लिटर. टाक्यांचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नये.

साखळी धरून कडा चढायच्या वाटेचा हट्ट धरणारे दोघे-तिघे गटात असतातच. खोदीव पावठ्या झिजल्यात, ओल्यात पाय सुटतो. कोरड्या दिवसात, अनुभवी माणसं, फक्त चढायला. उतरायला सगळे दरवाजांनीच.

*

मधमाश्या! कड्यांना पोळी असतात. निघायच्या आधी सांगा: अत्तर, परफ्यूम नको, धूर, आरोळ्या, दगड नको. उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान ओढणीने झाका आणि त्या जागेपासून लांब निघा. पायऱ्यांवर मात्र धावाधाव नाही. चावल्यापेक्षा पडून जास्त लागतं. काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून काढा. आधी कधी मधमाशी चावून अंगावर सूज आली किंवा दम लागला असेल त्याला थेट दवाखान्यात.

*

मुक्काम शेतातल्या घरात असेल तर जेवणानंतरची शतपावली अंगणातच. हा बिबट्यांचा तालुका, ऊस लागूनच. रात्री शौचालयाला जाताना विजेरी आणि जोडीदार. उघड्यावर खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून घर ठरवताना आधी शौचालय कुठे आहे ते विचारा.

जेवणात मासवडी हवी असेल तर सकाळीच सांगून ठेवा. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत खोबरं-तीळ-लसणाचं सारण, गुंडाळून वड्या पाडायच्या. चाळीस जणांचं काम आयत्या वेळी होत नाही. घाईत बेसन सैल राहिलं की वडी रश्श्यात सुटते. माणशी पाच-सहा धरा.

*

तारखा बघून घ्या. १९ फेब्रुवारी आणि तिथीची शिवजयंती या दिवशी गड बघणं होत नाही, फक्त रांग होते. संकष्टीला लेण्याद्रीला तेच, त्यात तीनेक शे पायऱ्या आणि हातातली पिशवी हिसकणारी माकडं. नारळ-प्रसाद असेल तो सॅकमध्ये, चेन बंद.