निर्णयसागर वेळेत विकायला हवं होतं का?

जुळारी (धागालेखक):
जुनी मराठी प्रकाशनसंस्था बंद पडली की आपण हळहळतो. तीच एखाद्या मोठ्या कंपनीनं घेतली असती तर ‘विकले गेले’ म्हणून नाकं मुरडली असती. माझं मत उलटं आहे. मालकाच्या पुढच्या पिढीला रस नसेल तर संस्था चालू असतानाच विकून टाकावी.

मुंबईचा निर्णयसागर छापखाना घ्या, संस्कृत ग्रंथांसाठी नावाजलेला. जावजी दादाजी चौधरींनी १८६४ मध्ये खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना. राणोजी रावजी आरूंच्या हातची ती देवनागरी अक्षरं आजही बघत राहावीत अशी आहेत. १८८६ पासून ‘काव्यमाला’ ही संस्कृत काव्यांची माला निघू लागली, पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब संपादक. मुंबईच्या कोलभाट गल्लीत छापलेलं संस्कृत युरोपातले पंडित प्रमाण मानत. आज ती संस्था नाही.

आता लंडनची जोनाथन केप ही प्रकाशनसंस्था बघा. १९२१ ची. १९६९ मध्ये चॅटो अँड विंडस या दुसऱ्या प्रकाशकाशी हातमिळवणी, १९८७ मध्ये रँडम हाउसनं सगळंच घेतलं. आज ती पेंग्विन रँडम हाउसच्या पोटात आहे, पण केप या नावानं नवी पुस्तकं येतात आणि जुनी मिळतात. वाचकाला आणखी काय हवं?

रद्दीतलं_रत्न:
साफ असहमत. लंडनला कशाला जाता, चेन्नईच्या वेस्टलँड प्रकाशनाचं काय झालं ते आठवा. टाटांकडून ॲमेझॉननं २०१६ मध्ये घेतली. जगातला सगळ्यात मोठा पुस्तकविक्याच मालक, म्हणजे लेखकांना वाटलं असेल की आता चिंता मिटली. फेब्रुवारी २०२२ मध्ये एके दिवशी जाहीर झालं की दुकान बंद. मार्चअखेरीनंतर पुस्तकं मिळणार नाहीत म्हणून लोकांनी धावत जाऊन खरेदी केली. संस्था काही कर्जात बुडून गेली नव्हती. मोठ्या मालकाच्या हिशेबात ती एक ओळ होती, ती खोडली. घरचा मालक निदान गोदामातला शेवटचा गठ्ठा संपेपर्यंत दार उघडं ठेवतो.

जुळारी:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच वर्षी वेस्टलँडच्या त्याच माणसांनी प्रतिलिपी या ऑनलाइन कथावाचनाच्या कंपनीच्या साथीनं त्याच नावानं पुन्हा सुरुवात केली आणि बरेच लेखक परतले. चालत्या संस्थेत संपादक असतात, म्हणून हे होऊ शकतं.

रद्दीतलं_रत्न:
म्हणजे वाचवलं माणसांनी आणि श्रेय खरेदीदाराला! छान.

काढा_घ्या:
मुळात निर्णयसागर गेलं हेच मला मान्य नाही. आयुर्वेदाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली चरकसंहिता, चक्रपाणीच्या टीकेसह (म्हणजे भाष्यासह), निर्णयसागरनं १९४१ मध्ये छापली. पुढे चौखंबा या संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशकानं तीच पानं जशीच्या तशी छायाप्रतीनं काढली. आम्ही शिकलो ते त्यावरच. अष्टांगहृदय या दुसऱ्या आयुर्वेदग्रंथाचंही तेच. छापखान्याला कुलूप लागलं तरी पान तेच, ओळ तीच. संस्था विकली असती तर नव्या मालकानं खर्च वाचवायला नवी अक्षरजुळणी करून चुकांचा सडा घातला असता.

जुळारी:
वैद्यबुवा, छायाप्रत म्हणजे १९४१ ची मुद्रणचूकही कायमची. निर्णयसागरचे शास्त्री नव्या आवृत्तीसाठी मजकूर पुन्हा तपासत. ‘सुभाषितरत्नभाण्डागार’ हा संस्कृत सुभाषितांचा संग्रह नारायण राम आचार्यांनी १९५२ मध्ये नव्यानं तपासून काढला, तोवर त्याच्या बऱ्याच आवृत्त्या होऊन गेल्या होत्या. छापखान्याच्या पगारावर शास्त्री ठेवण्याची ती पद्धत छायाप्रतीत कुठून येणार?

काढा_घ्या:
ते मान्य. पण तसे शास्त्री आज कुठला खरेदीदार ठेवेल, नाव सांगा.

काळा_कोट:
मंडळी, विकायचं म्हणताय, पण विकणार काय? निर्णयसागरचे मूळ ग्रंथ कुणाच्याच मालकीचे नाहीत, म्हणून तर छायाप्रती निघाल्या. हयात लेखकांच्या पुस्तकांचं म्हणाल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. हक्क हस्तांतराचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात. हक्क मिळाल्यापासून वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो संपतो. आपल्याकडे कित्येक पुस्तकं ‘या, चहा घ्या, देऊन टाका हस्तलिखित’ अशीच छापली गेली. अशा संस्थेचा मालक विक्रीला बसला तर त्याच्याकडे शिल्लक साठा आणि पाटी, एवढंच. हक्क लेखकाचे, किंवा त्याच्या मृत्यूनंतर पुढची साठ वर्षं वारसांचे. केपला गिऱ्हाईक मिळालं ते कपाटातल्या करारांमुळे.

जुळारी:
हा मुद्दा जोरदार आहे. पण यातून माझंच म्हणणं पुढे जातं. विकायचं ठरवलं की आधी करार नीट करावे लागतात, लेखकांची थकलेली रॉयल्टी चुकवावी लागते. संस्था शेवटी विकली नाही तरी लेखकांचं भलंच.

रद्दीतलं_रत्न:
आणि घेणारे किती उरले ते कोण बघणार? पेंग्विन आणि रँडम हाउस २०१३ मध्ये एकत्र आले. मग त्यांना सायमन अँड शुस्टर ही अमेरिकी प्रकाशनसंस्थाही हवी झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयानं ते रोखलं, कारण घेणारे कमी झाले की लेखकांना मिळणाऱ्या आगाऊ रकमा घसरतील. स्टीफन किंगसारखा, स्वतः सायमन अँड शुस्टरकडून छापून घेणारा लेखक विरोधात साक्ष द्यायला उभा राहिला. पुढच्या वर्षी सायमन अँड शुस्टर केकेआर या गुंतवणूकदारांकडे गेली, १.६२ अब्ज डॉलरला. पुस्तकांपेक्षा नफ्याशी घेणंदेणं असलेला मालक! मराठीत आधीच मोजके प्रकाशक. त्यातले दोन तिसऱ्यानं गिळले तर कवितासंग्रह घेऊन जायचं कुठे?

काढा_घ्या:
कवितासंग्रह आत्ता तरी कोण पैसे देऊन छापतो? कवीच देतो. (अवांतर, क्षमस्व.)

काळा_कोट:
जुळारी, एक व्यवहाराचं विचारतो. तुमच्या माहितीतल्या कुठल्याही प्रकाशकाकडे आज शंभर पुस्तकं आहेत असं धरा. त्यातल्या किती पुस्तकांचा सहीचा कागद निघेल?

जुळारी:
विचारून सांगतो. पण विचारल्यावर ते मला पुन्हा चहा देतील का, शंका आहे.