टर्बो रोटरीचा इनटेक मॅनिफोल्ड: लांब रनर कापू नका, असं माझं मत

तेलकट_हात
गाडी मुळात चार सिलिंडरची. ते इंजिन उतरवून माझदाची १३बी बसवतोय, म्हणजे पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरणारी रोटरी, चार पोर्टची (हवा आत घ्यायची चार तोंडं), एकच मोठा टर्बो. गिअरबॉक्स, माउंट, रेडिएटर सगळं ठरलं, गाडं अडलंय मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या संचापाशी. ज्याला विचारावं तो म्हणतो, मूळचा ओतीव मॅनिफोल्ड काढून टाक, आखूड रनरचा (पोर्टपर्यंतच्या नळ्यांचा) आणि मोठ्या प्लेनमचा (नळ्यांआधीच्या हवेच्या डब्याचा) बनवून घे. "टर्बो आहे ना, मग लांबी कशाला मोजतोस? हवा ढकलूनच आत जाते."

मला हे पटत नाही. रनरमधली दाबाची लाट पळते ध्वनीच्या वेगाने, आणि हवेतला ध्वनीचा वेग दाबावर नाही, तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर, ६० अंशांना ३६६च्या आसपास. म्हणजे बूस्ट (टर्बोचा जादा दाब) आला म्हणून लाटेचं वेळापत्रक कोलमडत नाही, हवा तापल्यामुळे सहा-सात टक्के पुढे सरकतं, बस. जी लांबी टर्बोशिवाय मधल्या आरपीएमला हवा जास्त भरायची, ती टर्बो लावल्यावरही जवळपास तिथेच भरते. रोटरीचा खालचा टॉर्क आधीच बेताचा. मोठा टर्बो जागा होईपर्यंत जो काही आधार आहे तो रनरचा. तोच कापायचा?

माझदाने तर एका रोटरच्या पोर्टमधून उठलेली लाट दुसऱ्याचं पोर्ट बंद व्हायच्या आत तिथे पोचवायची युक्ती काढली होती. दोन रोटर १८० अंश मागेपुढे असतात म्हणून ते साधतं.

बूस्टखोर
कागदावर छान आहे. आता १३बीचा १३०८ सीसी हा आकडा डोक्यातून काढा. एक्सेंट्रिक शाफ्टच्या (रोटर फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेरीला १३बी पूर्ण १३०८ सीसी ओढते, म्हणजे तिची भूक दोन फेऱ्यांत एकदा भरणाऱ्या २६१६ सीसीच्या फोर-स्ट्रोकएवढी. ८,००० आरपीएमला मिनिटाला साधारण साडेदहा हजार लिटर. १ बार बूस्टवर टर्बोला बाहेरून त्याच्या दुप्पट हवा गिळावी लागते. ती सगळी तुमच्या त्या दुमजली, वळणावळणाच्या ओतीव नळ्यांतून? प्रत्येक वळणाला दाब गळतो आणि तो भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरवावा लागतो, म्हणजे हवा आणखी गरम.

खाली टॉर्क हवा तर टर्बो लहान घ्या. चुकीच्या टर्बोचं पाप मॅनिफोल्डने का फेडायचं?

लांबनळी
मूळ धाग्याशी सहमत. १९९१ला ल मान्सची शर्यत जिंकलेली माझदाची ७८७बी आठवा. चार रोटर, आणि रनरची लांबी चालत्या गाडीत कमीजास्त व्हायची. लांबीला किंमत नसती तर एवढा खटाटोप कोणी केला असता?

बूस्टखोर
@लांबनळी, त्या गाडीला टर्बोच नव्हता हो. तिला लाटेशिवाय दुसरा आधारच नव्हता. माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे.

वेल्डिंगवाला
दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडताय. टर्बो रोटरी मरते ती टॉर्क कमी पडला म्हणून नाही. एक रोटर लीन गेला (हवेच्या मानाने इंधन कमी), नॉक झाला (मिश्रण अवेळी भडकलं), एपेक्स सील (रोटरच्या टोकाची पट्टी) तुटलं, आणि जाताना ते सील टर्बोच्या टर्बाइनलाही घेऊन गेलं, अशी मरते. त्यामुळे मॅनिफोल्डला पहिला प्रश्न हा: दोन्ही रोटरना हवा सारखी वाटतोस का?

मी स्वतः हात पोळून घेतलेत. आखूड रनर, डब्यासारखा प्लेनम, थ्रॉटल (हवेची झडप) पुढच्या टोकाला. दिसायला देखणा. थ्रॉटलमधून सुसाट आलेली हवा पुढच्या रनरच्या तोंडावरून सरळ पुढे जायची आणि मागच्या भिंतीवर आपटून मागच्या रोटरमध्ये भरायची. इंधन मात्र दोघांना सारखंच. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) एकच, टर्बोच्या पलीकडे, तो दोन्हींची सरासरी दाखवत होता आणि मी खूश. मागचा रोटर गेला. नंतर दोन्ही एक्झॉस्ट रनरमध्ये तापमानाचे सेन्सर बसवले तेव्हा कुठे उजेड पडला.

थ्रॉटल मधोमध आणायला जागा नसेल तर प्लेनम शेवटाकडे निमुळता करा, रनरच्या तोंडांना आतून गोल ओठ द्या. आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) असा घ्या की प्रत्येक रोटरचं इंधन वेगळं देता येईल.

तेलकट_हात
@वेल्डिंगवाला, हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण मग मूळ मॅनिफोल्डच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा नाही का? तो निदान दोन रोटरचा विचार करून ओतलेला आहे.

वेल्डिंगवाला
आहे, पण मूळ थ्रॉटल मूळ जागी असेपर्यंत. तुम्ही त्याचं तोंड दुसरीकडे वळवलंत की ती हमी संपली.

बूस्टखोर
आणि वळवावंच लागणार! ही गाडी रोटरीसाठी बनलेली नाही. एकीकडे ब्रेक बूस्टर, वर बॉनेट, मधे स्टिअरिंगचा दांडा. शिवाय रोटरीत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला. लालबुंद टर्बोच्या डोक्यावर तुमचा तो लांबलचक ॲल्युमिनियमचा तवा. मग वरच्या धाग्यातला ६० अंशांचा हिशोब सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिल्यावर करून दाखवा.

लांबनळी
आखूडवाल्याचा प्लेनम काय हवेत तरंगतो? तो तर टर्बोच्या आणखी जवळ येतो. हीट शील्ड दोघांनाही लागणार.

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. चार पोर्टच्या १३बीत प्रत्येक रोटरला दोन रनर. मधल्या लोखंडी प्लेटमधलं प्रायमरी पोर्ट लहान, बाहेरच्या प्लेटमधलं सेकंडरी मोठं. मूळ थ्रॉटलमध्ये प्रायमरीची पाकळी आधी उघडते, त्यामुळे पाय हलका असताना हवा अरुंद वाटेने वेगात जाते आणि गाडी माणसासारखी चालते. ९० मिमीचा एकच थ्रॉटल लावलात की पायाच्या अंगठ्याने चमचाभर हवा मागितली तर बादलीभर मिळते. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) हे दिसत नाही, पार्किंगमध्ये दिसतं.

बूस्टखोर
पार्किंगचा मुद्दा मान्य. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल लावून पेडलचा नकाशा मऊ करता येतो, पण खर्च आणि वायरिंग वाढतं हे खरं.

सहा_पोर्ट
मधेच तोंड घालतो. हे वाचून कोणी टर्बो नसलेल्या गाडीतलं सहा पोर्टचं इंजिन उचलू नका, किंवा उचललंत तर समजून उचला. चार पोर्टचा मॅनिफोल्ड त्याला बसत नाही. जादा पोर्ट उशिरा बंद होतात. आणि त्यांच्या स्लीव्ह (ते पोर्ट उघडणाऱ्या नळ्या) एक्झॉस्टच्या दाबावर फिरणाऱ्या असतील तर टर्बो लागल्यावर त्या भलत्या वेळी उघडतात. वर कॉम्प्रेशन (हवा दाबायचं प्रमाण) ९.४ किंवा ९.७. जुन्या टर्बो इंजिनाचं ८.५ होतं. चूक पोटात घालायला तिथे जागाच कमी.

तेलकट_हात
काल पुठ्ठ्याचा साचा करून बॉनेटखाली धरून पाहिला. मूळचा वरचा भाग ब्रेक बूस्टरला चार बोटं घुसतो, तेव्हा बूस्टखोर, तो जसाच्या तसा बसत नाही हे कबूल. खालचा ओतीव भाग मात्र ठेवतोय, सेकंडरी इंजेक्टर त्यातच आहेत आणि प्रायमरी तसेही मधल्या प्लेटमध्ये. वरचा भाग कापून तोंड वळवणार, रनरची लांबी जाईल तेवढी दोन-तीन बोटंच. मूळची तीन पाकळ्यांची थ्रॉटल बॉडी तीच. एक्झॉस्टला दोन तापमान सेन्सर, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत बूस्ट अर्ध्या बारच्या वर नेणार नाही.

बूस्टखोर
८,०००ला दम लागला की सांगा. माझा जुना प्लेनम शेल्फवर पडून आहे.

वेल्डिंगवाला
नका घेऊ. तो मीच बनवलाय, थ्रॉटल टोकाला आहे.