आईच्या इलिओस्टॉमीभोवतीची कातडी सोलवटली आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आईची तात्पुरती इलिओस्टॉमी केली आहे, म्हणजे लहान आतडं पोटावर बाहेर काढून तिथे बॅग लावली आहे. स्टोमा, म्हणजे आतड्याचं बाहेर आलेलं तोंड, लालगुलाबी आहे, त्याची काळजी नाही. पण खालच्या बाजूची कातडी सोलवटून ओली झाली आहे. त्यावर बॅगेची कातडीला चिकटणारी चकती धरत नाही, मग गळती, मग आणखी आग. मांडी घालून बसली की तिच्या पोटाला घडी पडते आणि गळतं ते तिथूनच. परकराची नाडीही नेमकी चकतीच्या कडेवर येते. स्टोमा पावडर लावली तर चकती अजूनच लवकर सुटते. खोबरेल तेल लावा असं शेजारी सांगतात, ते मी टाळलंय.

सगळ्यात जिवाला लागतं ते हे, की बॅग भरू नये म्हणून आई पाणीच पीत नाही. आमच्या तालुक्यात स्टोमा नर्स नाही. घरी कुणी हे निभावलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद
ताई, आधी पाण्याचं. इलिओस्टॉमीत पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर जातं. पाणी तोडलं तरी बॅग भरतेच, वर किडनीवर ताण येतो. ओआरएस किती द्यायचं ते डॉक्टरांना आजच विचारा.

आता कातडी. लहान आतड्यातल्या पाचक रसांनी ती भाजते, म्हणून उघडी राहता कामा नये. पहिल्या 6-8 आठवड्यांत स्टोमा आक्रसतो, चकतीचं भोक मात्र जुन्याच मापाचं कापलं जातं. पुन्हा मोजा, भोक स्टोमापेक्षा 2-3 मिमीच मोठं हवं. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा. पावडर फक्त ओल्या जागी, जास्तीची झटकून टाका, वर बॅरियर फिल्मचा (कातडीवर पातळ संरक्षक थर देणारा) स्प्रे, तो वाळला की चकती. घडीत सील रिंग (फट बुजवणारी मऊ चिकट कडी) बसवा. हे सगळं सकाळी चहाच्याही आधी करा, तेव्हा स्टोमा शांत असतो. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. नाडीऐवजी काही दिवस सैल गाऊन बरा. तेल नकोच, डेटॉलही नको.

खाज आणि कडेने सुटे लाल ठिपके दिसले तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. स्टोमा काळपट पडला किंवा बॅगेत काहीच येईनासं झालं तर लगेच हॉस्पिटल गाठा. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, मुंबईला जाणं झालं तर तिथे विचारा.

धागाकर्ती
खूप आभार. आत्ताच मोजलं. स्टोमा 28 मिमी, भोक 38! आईला तुमचा पाण्याचा परिच्छेद वाचून दाखवला, अर्धा तांब्या प्यायली. फिल्मचा स्प्रे इथल्या मेडिकलमध्ये नाही. सांगली-मिरजेत कुठे मिळतो, कुणाला माहीत आहे का?