जोडीतला पल्सार हुकतो का?

निपाणीच्या सरांनी विचारलंय, पल्सारचे, म्हणजे स्वतःभोवती फिरत रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या मृत ताऱ्याचे, ठोके इतके नेमके असतात, मग जोडताऱ्यातला (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांतला) पल्सार संगणकाला चटकन का सापडू नये? ठोके नेमकेच की हो सर, पण ताराच जोडीदाराभोवती फिरत कधी आपल्याकडे येतोय, कधी लांब जातोय ना! टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर गाडीची शिट्टी येताना चढी, गेल्यावर उतरलेली ऐकू येते, तीच गत. कक्षा काही तासांचीच असली तर एकाच निरीक्षणात ठोक्यांची वारंवारता सरकत राहते. वारंवारतेच्या आलेखात एरवी एकाच खणात उंच सुळका दिसायचा, तो शेजारच्या खणांत पसरून गोंगाटात बुडतो. मग ताऱ्याची वेगवेगळी त्वरणं (वेग बदलण्याचे दर) गृहीत धरून दरवेळी नव्यानं शोधायचं. संगणकाचा घाम निघतो तो इथंच.

१९७४ मध्ये हल्स आणि टेलर या खगोलशास्त्रज्ञांना अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवर सापडलेला जोडीतला पल्सार दर ५९ मिलिसेकंदांना ठोका देणारा, कक्षा पावणेआठ तासांची. ठोक्यांचा काळ रोज वेगळा यायचा, तेव्हा हल्सना आधी मोजणीतच खोट वाटली होती.

जोडीदाराचा वायू रेडिओ लहरी अडवतो ती आणखी एक कटकट. गॅमा किरण तसे अडत नाहीत, म्हणून फर्मी या अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपलेले गॅमा किरणांचे अनोळखी ठिपके हेरून तिथं रेडिओ दुर्बीण रोखतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीनं असे पल्सार शोधलेत. विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला मिळते. बेळगावहून पुणे, पुढं नारायणगाव.