ड्रम अँड ब्यूगल कोअरची नावे : थोडी भर

अमेरिकेतील ड्रम अँड ब्यूगल कोअर, म्हणजे मैदानावर संचलन करत वाजवणारी ढोल-बिगुलांची पथके, यांची विनोदी नावे कोणती, या चर्चेत बहुतेकांनी 'ब्लू डेव्हिल्स' (निळे सैतान) यासारखी भीतिदायक नावे सांगितली आहेत. मला मात्र साधी वाटणारी पण पोटात गंमत दडवलेली नावे अधिक आवडतात. न्यू जर्सीतील बेयॉन गावच्या पथकाचे नाव 'ब्रिजमेन', म्हणजे अक्षरशः 'पूलवाले', आणि या गावात खरोखरच मोठा कमानी पूल आहे. त्यांचे पायघोळ पिवळे कोट, रुंद काठाच्या काळ्या टोप्या आणि कार्यक्रमाच्या शेवटी सर्वांनी एकदम मूर्च्छा येऊन मैदानावर कोसळणे पाहिले, की नावापेक्षा माणसेच अधिक विनोदी होती असे म्हणावे लागते.

ओहायोतील कँटनच्या 'ब्लूकोट्स'चे नाव तेथील निळ्या गणवेशातील पोलिसांवरून आले, तर विस्कॉन्सिनमधील रसीनचे 'किल्टीज' स्कॉटिश घागऱ्यांवरून ओळखले जात. आयोवातील डब्यूकच्या 'कोल्ट्स'चे मराठीत 'शिंगरे' असे भाषांतर केले, तर गणपतीच्या मिरवणुकीत ते नाव पाठीवर मिरवायला कोणी धजावेल असे वाटत नाही.

यातील अनेक पथके चर्चच्या किंवा माजी सैनिकांच्या संघटनांच्या आश्रयाने उभी राहिली, त्यामुळे शूरवीर आणि धर्मयोद्धे यांची नावांत रेलचेल असणे ओघानेच आले. या गर्दीत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइमच्या मंडळींनी 'व्हेल्व्हेट नाइट्स', म्हणजे मखमली सरदार, हे नाव घेतले आणि लाल कॅनव्हासचे बूट घालून विनोदी प्रयोग केले.