अमोरी लोकांना मिळालेला अवधी

कनानी लोकांवरचा न्याय, म्हणजे देवाच्या आज्ञेने इस्राएल लोकांनी कनान देशातील लोकांचा केलेला संहार, हा बायबलच्या जुन्या करारातील देवाच्या तडकाफडकी रागाचा पुरावा आहे, असे म्हटले जाते. परंतु उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात देव इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याला जे सांगतो, ते विचारात घेतल्यावाचून हा निष्कर्ष काढता येणार नाही. तुझ्या वंशजांना परक्या देशात 400 वर्षे छळ सोसावा लागेल आणि चौथ्या पिढीत ते इकडे परततील, कारण अमोरी (कनानात राहणाऱ्या) लोकांच्या पापाचा घडा अजून भरलेला नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे दुष्टांना मिळालेल्या या अवधीची किंमत देवाच्या स्वतःच्या लोकांनी गुलामगिरीत मोजली, आणि मला हीच बाब सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. शिवाय लेवीय या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात इस्राएलालाही बजावले आहे की, तुम्ही तशीच अमंगळ कृत्ये केलीत तर हा देश तुम्हांलाही ओकून टाकील, इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, तेव्हा यहूदाच्या, म्हणजे इस्राएलाच्या दक्षिणेकडील राज्याच्या, बाबतीत ते खरे ठरले. परक्या अश्शूरी लोकांच्या निनवे नगरीलाही असाच अवधी मिळाला: योना संदेष्ट्याचा संदेश ऐकून पश्चात्ताप केलेली निनवे वाचली, पुढे नहूम संदेष्ट्याने जिचा नाश घोषित केला ती निनवे इ.स.पू. 612 मध्ये पडली. कनानातील निरपराध बालकांचे काय, हा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही, आणि या संहाराची हकिकत सांगणारे यहोशवाचे पुस्तक वाचताना तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.